वाचकांचे प्रश्न : पुस्तकावर मत लिहायचं कसं?

प्रश्न : वाचलेल्या पुस्तकावर चार ओळी लिहायला बसते, पण गोष्ट सांगण्यातच पान भरतं. काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : गोष्टीला दोनच वाक्यं द्या. वाचतानाच चिठ्ठीवर पान क्रमांक आणि तीन-चार शब्द टिपा (वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल नकोच). नुसतं ‘आवडलं’ लिहिलं की का आवडलं ते महिन्याने आठवत नाही. आवृत्तीही नोंदवा, नव्या आवृत्तीत पानं सरकतात. अप्पा बळवंत चौकातून नवीकोरी प्रत आणली तरी पहिल्या प्रकाशनाचं साल बघाच. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ची आहे हे ठाऊक नसेल, तर तिच्यातली दुसऱ्या महायुद्धाची धास्ती मागाहून रचलेली वाटते. मलपृष्ठ शेवटी वाचा, नाहीतर तिथलीच विशेषणं वहीत उतरतात.