ब्रेमेनमधला शेवटचा शनिवार-रविवार कसा घालवू?

दोन वर्षांचं मास्टर्स संपवून तुम्ही पुढच्या मंगळवारी जर्मनीतल्या ब्रेमेनहून पुण्याला परत येताय, हातात एकच शनिवार-रविवार आहे आणि मित्र म्हणतायत, "अ‍ॅमस्टरडॅम राहिलंय, ते उरकून घे." माझं ऐका, कुठेही जाऊ नका. ब्रेमेनमध्येच राहा.

मी शेवटच्या शनिवारी हॅम्बुर्गला गेले होते. गाडीने तासाभराचा रस्ता, त्यात काय एवढं, असं वाटलं. बंदर पाहिलं, फोटो काढले, रात्री उशिरा खोलीवर आले. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे सगळी दुकानं बंद. आईने सांगितलेली कॉफी राहिली. त्याहून मोठी गोष्ट राहिली, ती शेवटी सांगते.

कागदांची कामं शुक्रवारीच संपवा. 'आबमेल्डुंग', म्हणजे हा पत्ता सोडतोय अशी सरकारी नोंद, घर सोडायच्या आठवडाभर आधीपासून करता येतं. त्याचा कागद जपून ठेवा, रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करायला तो लागतो. बँकेचं खातं मात्र घराचं डिपॉझिट परत येईपर्यंत चालू ठेवा.

शनिवारी सकाळी खरेदी, आणि कोपऱ्यात साठलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मशीनला देऊन या. एकेका बाटलीचे सहसा २५ सेंट अनामत परत मिळतात. दुपार माणसांसाठी मोकळी ठेवा.

रविवारी फक्त चाला. स्टेशनच्या मागे नेल्सन मंडेलांच्या नावाच्या बागेत विटांचा उंच हत्ती आहे. १९३२ साली तो उभा केला तो जर्मनीच्या वसाहतींचं स्मारक म्हणून. पुढे शहराने तोच हत्ती वसाहतवादाच्या विरोधातलं स्मारक म्हणून जाहीर केला. दोन वर्षं मी त्याच्या जवळून ये-जा केली आणि हे वाचलं शेवटच्या रविवारी. आपण ज्या देशातून आलोय तिथल्या माणसाने त्या हत्तीपाशी पाच मिनिटं तरी थांबायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तिथून मार्केट चौकात. रोलांड या शूरवीराचा दगडी पुतळा १४०४ सालचा, शेजारच्या टाउन हॉलसकट २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. तुम्ही तो शंभरदा पाहिला असेल, पण त्याचे टोकदार गुडघे नीट पाहिलेत का? दोन गुडघ्यांमधलं अंतर म्हणजे ब्रेमेनचा जुना 'हात', साधारण ५५ सेंटिमीटर. कापड कमी भरलं असं वाटलं तर गिऱ्हाईक इथे येऊन मापून घ्यायचं, असं सांगतात. मी माझी ओढणी धरून मापलं होतं.

टाउन हॉलच्या बाजूला ग्रिम बंधूंच्या गोष्टीतल्या 'ब्रेमेनच्या वादकां'चा पुतळा, म्हणजे गाढव, कुत्रा, मांजर, कोंबडा आहेतच. इच्छा मागताना गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरायचे, एका हाताने नाही. खिशातली उरलेली चिल्लर तिथून जवळच, विधानसभेच्या इमारतीसमोर जमिनीत बसवलेल्या दानपेटीत टाका. नाणं पडलं की आतून त्या चौघांपैकी एकाचा आवाज येतो आणि पैसे मदतकार्याला जातात. माझ्या नाण्याला कोंबडा आरवला. मग वेझर नदीच्या काठाने अंधार पडेपर्यंत चालत राहिले. आता रोज संध्याकाळी बस पुण्यात औंधच्या ब्रेमेन चौकात थांबते तेव्हा डोळ्यांसमोर तो काठ येतो. हॅम्बुर्ग एकदाही आलेलं नाही.

आता ती राहिलेली गोष्ट. माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा त्या सूपचं भांडं घेऊन आल्या होत्या. ते भांडं मी शिऱ्याने भरून परत केलं आणि सांगितलं, आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. तेव्हापासून आमची देवाणघेवाण सुरू झाली. निघायच्या आधी त्यांना पुरणपोळी खिलवायची ठरवली होती. शनिवार मी हॅम्बुर्गमध्ये घालवला. रविवारी पोळ्या करून बेल वाजवली, तर आजी मुलीकडे गेलेल्या. स्टीलचा डबा दाराशी ठेवला, वर चिठ्ठी, आणि सोमवारी पहाटे विमान.

दीड महिन्याने औंधच्या पत्त्यावर पार्सल आलं. आत माझा डबा, काठोकाठ कॉफीने भरलेला.

तुम्ही शनिवारी दुपारीच बेल वाजवा.