मुलीला घेऊनच ये

देवगडहून तू विचारलंस की जर्मनीत पीएचडीची जागा मिळाली आहे, तर बायको आणि सात वर्षांच्या मुलीला आत्ताच न्यावं की बस्तान बसल्यावर? व्हिसाची यादी वकिलातीच्या संकेतस्थळावर आहे, ती सोडतो.

कामाची काळजी करू नकोस. नॅनोरचनांतल्या, म्हणजे अतिसूक्ष्म थरांतल्या, ध्वनिलहरी लेसरने पकडायचं तंत्र भौतिकशास्त्रज्ञ हम्फ्री मॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात दाखवलं, गाभा आजही तोच. एका लेसर स्पंदाने पृष्ठभाग एकदम प्रसरण पावतो, आत ध्वनीचा ठोका जातो. मागून आलेला दुसरा स्पंद परावर्तनातला फरक टिपतो. दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे घेतला की प्रकाशाला जाऊन-येऊन १ पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, उशीर होतो. तेवढ्यात गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात आवाज जेमतेम ५ नॅनोमीटर (मिलिमीटरचे पाच दशलक्षांश) सरकतो. परावर्तनातला फरक लाखात एखादा भाग, म्हणून रात्र रात्र मोजमापांची सरासरी घ्यावी लागते. खालच्या थरावरून परतलेला प्रतिध्वनी पडद्यावर दिसला की शीण जातो.

मला छळलं मुलीच्या जन्मदाखल्याने. बाळंतपण माहेरी, नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत, दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. प्रतिज्ञापत्र, मंत्रालय, अपोस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का), भाषांतर. वेंगुर्ल्याहून मुंबईच्या फेऱ्या माझ्या म्हाताऱ्या वडिलांनी मारल्या. त्यात वर्ष गेलं आणि मुलगी इथे पोचली ती थेट तिसरीत.

इथे बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होते. आमची पोर आकडेमोड सगळ्यांच्या आधी संपवायची. शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल थांबायची. गणित येत होतं, वाक्य कळत नव्हतं. बाईंनी गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस दिली नाही. लॅबमध्ये सरासरीसाठी मोजमापं साठत असायची आणि मी शाळेला लिहायच्या पत्राचे मसुदे करत बसायचो. आता ती रेआलशुलेत, म्हणजे मधल्या पातळीच्या शाळेत आहे, रमली आहे, पुढे गिम्नाझियमचा रस्ताही बंद नाही. तरी त्या बाईंशी मी मनात अजून भांडतो. तिला आणून तिचं भलं केलं का, हे बायकोला विचारायचं धाडस होत नाही.

एकटेपणा येतो, अंगवळणी पडतो. आवस (आई) फोनवर 'जेवलंस मा?' विचारते, तेवढं पुरतं.

तेव्हा पोरीला लगेच आण. जर्मन शिकवणी आजपासून लाव. आणि दाखल्यावर तुझ्या बायकोचं नाव कसं लागलंय ते याच आठवड्यात बघ.