मधुमेह आहे, नारळ तीन महिने पूर्ण बंद केला. हुमणाच्या (नारळ घातलेल्या माशांच्या आमटीच्या) जागी दोन पाव आणि वाढीव भात आला. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२६ वरून १०८ वर आले, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९० वरून २४० वर. असे का? एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३४ आहे.

नारळ बंद केल्याचा फायदा एलडीएलमध्ये दिसलाच की. खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी सॅच्युरेटेड (संपृक्त), आणि ती वाढवते मुख्यतः एलडीएल. ट्रायग्लिसराइडचे गणित वेगळे. इन्सुलिन नीट लागू पडत नसले की चरबीच्या पेशींतून सुटलेली फॅटी ॲसिड यकृतात जातात, जादा भात-साखरेचीही तिथे चरबी होते आणि यकृत ती रक्तात सोडते. रक्तातून ती उचलणारे एन्झाइमही मंदावलेले असते.

हुमण गेले, त्या जागी दोन पाव आणि वाढीव भात आला, असे तुम्हीच लिहिले आहे. चूक तिथे आहे. आधी एक पाव आणि वाढीव भात कमी करा, ताटात मूग, अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), भाजी वाढवा. रात्री फेणी होत असेल तर ती पहिली थांबवा. आणि साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, एचबीएवनसी, चढला आहे का पाहा.

एकूण कोलेस्टेरॉल १९० पाहून निर्धास्त राहू नका. त्यातून एचडीएल ३४ वजा केले की उरतात १५६. मधुमेहात हा नॉन-एचडीएल आकडा १३० च्या आत हवा, हृदयविकार असेल तर त्याहून खाली.

नारळ कायमचा सोडायची गरज नाही, मोजा मात्र. १८०० कॅलरीच्या आहारात ७ टक्के म्हणजे १४ ग्रॅम सॅच्युरेटेड चरबी. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ती सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे दिवसाला २० ग्रॅम खोबऱ्यात ६ ग्रॅम संपली. चौघांच्या हुमणात अख्खा नारळ घातला तर हिशेब एका जेवणातच कोसळतो. आणि रस काढून चोथा टाकला की तंतू जातात, चरबी बहुतेक रसातच उतरते! फोडणीला शेंगदाण्याचे किंवा मोहरीचे तेल, माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे.

बांगडे-तारले आठवड्यातून दोनदा खा, पण रवा लावून तळलेले नकोत. त्यातल्या ओमेगा-३ ने ट्रायग्लिसराइड उतरायला थोडा हातभार लागेल, एलडीएल उतरणार नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) चालू असेल तर आहार सुधारला म्हणून स्वतःहून बंद करू नका.

८ ते १२ आठवड्यांनी, १२ तास उपाशीपोटी पुन्हा तपासा. आधीचे दोन-तीन दिवस दारू नको. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेव्हा थेट डॉक्टरांकडे.