वाचकांचे प्रश्न : काजूचा भाव कोण ठरवतो?

प्रश्न : आमची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बागायत आहे. मोसमाच्या आरंभी बियांना बरा दर मिळतो, पण एप्रिलमध्ये माल भरभरून येऊ लागला की तो खाली घसरतो. पणजीच्या दुकानांत मात्र काजूगराची किंमत वर्षभर चढीच असते. मधले पैसे जातात कुठे? सरकार परदेशातून बिया आणू देते म्हणून आमचा भाव पडतो, असे लोक म्हणतात. ते खरे आहे का? (एक बागायतदार, वाळपई)

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची उत्तरेही निराळी आहेत. बियांचा दर आणि गराची किंमत यांतले अंतर ही पहिली गोष्ट. एक किलो गर मिळवण्यासाठी साधारण चार ते साडेचार किलो बिया लागतात. म्हणजे बियांचा दर किलोला १२० रुपये धरला, तर गराच्या एका किलोत सुमारे ५०० रुपयांच्या बियाच असतात. पुढे त्या उकडणे, फोडणे, गर भट्टीत वाळवणे, साल काढणे आणि प्रतवारी करणे ही सगळी कामे बहुतांशी हाताने होतात आणि ती मुख्यतः स्त्रिया करतात. दुकानात ज्या मोठ्या, अखंड गराची किंमत आपण पाहता तो वरच्या प्रतीचा असतो. ‘डब्ल्यू १८०’ याचा अर्थ एका पौंडात साधारण १८० गर बसतात, ‘डब्ल्यू ३२०’ म्हणजे ३२०. कारखान्यातून निघणाऱ्या मालात लहान गर, पाकळी आणि तुकडाही असतो आणि तो बराच स्वस्त जातो. म्हणून काचेच्या बरणीवरची किंमत आणि आपल्या पोत्याचा दर यांची थेट वजाबाकी करून तो सगळा नफा समजणे बरोबर होणार नाही.

एप्रिलमधल्या घसरणीची कारणे मात्र या हिशेबात सापडत नाहीत. भारतातल्या काजू कारखान्यांची भूक देशातल्या पिकाने भागत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून बिया आयात केल्या जातात. त्यातही पश्चिम आफ्रिकेचे पीक फेब्रुवारी ते जूनच्या सुमारास बाजारात येते, म्हणजे नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या बागायतीत बिया वेचल्या जात असतात. ज्या कारखानदाराला बंदरावर उतरणारा माल अमुक भावात मिळणार हे ठाऊक आहे, तो आपल्याला त्याहून फार अधिक देणार नाही. लोक म्हणतात त्यात तथ्य आहे ते इतके.

आता सरकारी धोरण पाहू. केंद्र सरकारने २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या काजू बियांवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणले. त्यानंतरच्या वर्षी, २०१९ मध्ये, काजूगरावरील शुल्क मात्र ४५ टक्क्यांवरून ७० टक्के केले आणि गराच्या आयातीसाठी किमान किंमतही वाढवली. अखंड गरासाठी ती किलोला ७२० रुपये झाली. बिया आत येण्याचा दरवाजा जवळजवळ उघडा आणि गराचा जवळजवळ बंद, अशी ही रचना आहे. व्हिएतनामसारख्या देशातून तयार गर येऊन इथले कारखाने आणि त्यांतल्या कामगार स्त्रियांचे रोजगार बुडू नयेत, हा तिचा हेतू आहे आणि तो मला योग्य वाटतो. पण कारखान्याला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून जी सवलत दिली जाते तिचा भार बागायतदाराच्या दरावर पडतो. संरक्षण प्रक्रियादाराला मिळाले आणि स्पर्धा उत्पादकाच्या वाट्याला आली. धोरण आखताना या दोघांचे हित एकच आहे असे गृहीत धरले जाते. वाळपईच्या बाजारात उभे राहिले की ते तसे नाही हे दिसते.

याची भरपाई म्हणून राज्य सरकारची आधारभूत किमतीची योजना आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात काजू बियांची आधारभूत किंमत किलोला १२५ वरून १५० रुपये करण्यात आली. (चालू मोसमाचा आकडा वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्यावा.) समजा बाजारात आपल्याला ११० रुपये मिळाले, तर वरचे ४० रुपये सरकारने आपल्या बँक खात्यात जमा करायचे असतात. त्यासाठी कृषी कार्ड हवे, आणि माल मान्यताप्राप्त संस्थेला किंवा व्यापाऱ्याला विकून त्याची पावती घेतलेली हवी. दारात टेम्पो घेऊन येणाऱ्याला रोखीने बिया दिल्या, तर फरकाच्या रकमेवरचा हक्क तिथेच संपतो. अडीअडचणीला रोख पैसा लागतो हे मी जाणतो, तरीही निदान मोठा माल पावतीनेच द्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

खरी अडचण याहून खोल आहे. सत्तरीत, पेडण्यात आणि इतरत्रही अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीत काजू वेचत आली, ती अल्वारा किंवा मोकासो, म्हणजे जुन्या राजवटीत कसायला किंवा इनाम म्हणून दिलेली जमीन आहे, आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारासारखा उतारा) त्यांचे नाव नाही किंवा ते कुठे तरी कोपऱ्यात आहे. उतारा नाही म्हणून कृषी कार्ड मिळत नाही आणि कार्ड नाही म्हणून आधारभूत किंमत मिळत नाही. योजनेतला एकेक नियम वाचला तर त्यात काही अन्यायाचे दिसत नाही. पण ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे तोच त्या नियमांमुळे बाहेर राहतो. जमीनमालकीचा हा प्रश्न सुटेपर्यंत प्रत्यक्ष कसणाऱ्याला, पंचायतीच्या दाखल्यावर का होईना, या योजनेत घ्यावे ही मागणी आपण सर्व बागायतदारांनी लावून धरावी असे मला वाटते.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. ओल्या बिया विकणाऱ्याला थांबता येत नाही आणि हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. बिया दोन-तीन दिवस कडक उन्हात चांगल्या वाळवून कोरड्या जागी ठेवल्या तर त्या टिकतात आणि दर सुधारेपर्यंत वाट पाहण्याची मुभा मिळते. गोव्याच्या काजूला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. फेणीला ते २००९ मध्येच मिळाले होते. आफ्रिकी बियांपासून इथे काढलेला गर पर्यटकाला ‘गोव्याचा काजू’ म्हणून विकला जाऊ नये यावर देखरेख झाली, तरच त्या मानांकनाचा लाभ बागायतीपर्यंत पोहोचेल.

प्रश्न : २२ सप्टेंबर २०२५ पासून पुष्कळ वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला असे वाचले. आमच्या दुकानात काही वस्तू स्वस्त झाल्या, काहींची किंमत जुनीच राहिली. कंपनीने कमी झालेला कर स्वतःकडेच ठेवला तर तक्रार कुठे करायची? (एक गृहिणी, फोंडा)

उत्तर : साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा कर त्या दिवसापासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तूप, लोणी आणि फरसाण यांवरचा १२ वरून ५ वर. तेव्हा फरक दिसायलाच हवा. करकपातीचा लाभ ग्राहकाला दिला पाहिजे असे जीएसटी कायद्याचे १७१ वे कलम सांगते आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी पूर्वी स्वतंत्र प्राधिकरण होते. पण १ एप्रिल २०२५ पासून या कलमाखालच्या नव्या तक्रारी घेणे बंद करण्यात आले. म्हणजे अलीकडची सर्वांत मोठी करकपात आली तेव्हा हा मार्ग बंद झालेला होता. हे मला चुकीचे वाटते. कायदा अजून पुस्तकात आहे, परंतु त्याचा आधार घेऊन ज्या दारात जायचे ते दारच उरलेले नाही.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन उपलब्ध आहे आणि जीएसटी कपातीच्या तक्रारी तिथे नोंदवून घेतल्या जातात. तक्रार करताना बिल आणि पाकिटाचे छायाचित्र जवळ ठेवावे. पाच-दहा रुपयांच्या पाकिटांवर किंमत तीच ठेवून आतले वजन वाढवले असेल, तर तोही लाभ देण्याचा एक प्रकार आहे. म्हणून किमतीबरोबर वजनही पाहावे. पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पैसे पडतात हा दरही छापलेला असतो. जुन्या आणि नव्या पाकिटांवरचे हे दर ताडून पाहिले की बाकीचा हिशेब आपोआप उलगडतो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मात्र यात दोष देऊ नये. छापील किंमत तो ठरवत नाही.

प्रश्न : डिचोली तालुक्यात खाण पुन्हा सुरू झाली आहे. माझा धाकटा भाऊ कर्ज काढून ट्रक घ्यायचे म्हणतो. २०१२ मध्ये आमच्या वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला आणि बँकेचे हप्ते कसे भरले ते आमचे आम्हाला ठाऊक. आता धोका घ्यावा का? (एक वाचक, साखळी)

उत्तर : हा निर्णय आपल्या कुटुंबाचा आहे, पण त्याआधी मागे काय घडले ते नीट पाहावे. डिसेंबर २०११ मध्ये केंद्राने लोह खनिजावरील निर्यात शुल्क ३० टक्के केले. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेसह ती उठली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. मे २०२२ मध्ये निर्यात शुल्क एकदम ५० टक्क्यांवर गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्यासारख्या, ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरून ते काढून टाकण्यात आले. त्यानंतर, डिसेंबर २०२२ पासून, लिलाव होऊन नवे लिज दिले जाऊ लागले. यांतल्या काही निर्णयांना सबळ कारणे होती. बेकायदा उत्खननाने शेते आणि झरे नासले हे डिचोलीकरांना सांगायची गरज नाही. तरीही प्रत्येक वळणावर ज्याच्या नावावर कर्ज होते तो ट्रकवालाच सर्वांत आधी अडकला. खाण कंपनीकडे इतर व्यवसाय असतात, बँकेकडे तारण असते. ट्रकमालकाकडे फक्त ट्रक असतो.

म्हणून खाण सुरू झाली या बातमीवर कर्ज घेऊ नये. आपल्या भावाने आधी चार गोष्टी लेखी मिळवाव्यात : त्या लिजाला पर्यावरण परवान्यानुसार वर्षाला किती टन काढता येतात, गावच्या रस्त्यावरून दिवसाला किती फेऱ्यांना परवानगी आहे, टनामागे किलोमीटरचा दर काय आहे आणि डिझेल महागले तर तो वाढणार का, आणि वाहतुकीचा करार किती वर्षांचा आहे. पावसाळ्यात काम थांबते, तेव्हा बारा महिन्यांचा हप्ता जेमतेम आठ महिन्यांच्या कमाईतून निघतो का हेही मांडून पाहावे. पहिल्या मोसमात चालू स्थितीतला जुना ट्रक घेऊन काम करणे, किंवा दुसऱ्याच्या गाडीवर राहून फेऱ्यांचा अंदाज घेणे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. आणि कर्ज काढायचेच ठरले, तर राहते घर तारण ठेवू नये.