दाढेवरून देवमासा ओळखताना

कच्छचा किंवा हिमाचलातल्या सुबाथूचा जीवाश्म जबडा हाती आला की नाव द्यायची घाई करू नकोस. 1958 मध्ये पाकिस्तानातल्या इक्थिओलेस्टिस आणि गंडाकेशिया यांचं वर्णन झालं, तेव्हा दातांवरून ते मेसोनिकिड, म्हणजे जमिनीवरचे मांसाहारी प्राणी ठरले होते. पुढे कळलं, ते देवमासे होते. इतकं साम्य असतं.

आधी खालची दाढ भिंगाखाली तिरप्या उजेडात धर. पुढचा भाग उंच, मागचा बुटका दिसेल. मग गालाकडची बाजू बघ: आद्य देवमाशांत तिथे झिजेचा उभट, लांब, गुळगुळीत पट्टा असतो. तोंड मिटताना खालची दाढ वरच्या दाढेला घासत वर सरकत असे, त्याची ही खूण. मला हा पट्टा दाढेच्या आकाराहून जास्त बोलका वाटतो. दाढ दुधाची नाही ना, तेही तपास.

जबडा असेल तर मागच्या टोकाला आतल्या बाजूचं छिद्र मोज. पाकिसेटस या आद्य देवमाशात ते लहान, अँब्युलोसेटस या त्याच्यानंतरच्या देवमाशात मोठं. पाण्यात ऐकण्याची सोय तिथूनच वाढत गेली. खालच्या जबड्याच्या डाव्या-उजव्या भागांचा पुढचा सांधा कोणत्या दातापर्यंत मागे जातो, हेही लिहून ठेव. रेमिंग्टनोसेटससारख्या लांबट, अरुंद तोंडाच्या प्राण्यांत तो बराच मागे जातो.

हिमालयासेटस या आद्य देवमाशाचं नाव 1998 मध्ये दाढांसह असलेल्या जबड्याच्या तुकड्यावरूनच दिलं गेलं, म्हणजे तुकड्यावरूनही काम होतं. पण नवी जाती मांडण्याआधी आधीच्या जातीचं नाव ज्यावरून दिलं तो मूळ नमुना, निदान त्याची प्रतिकृती, शेजारी ठेवून बघ. नुसत्या आकारातल्या फरकावर जाऊ नकोस. नर-मादीतही तो असू शकतो. शंका असेल तर कुळापर्यंतच थांब.