युद्धाच्या भागातली मदत: आधी पाणी, मग यादी, कपडे सगळ्यात शेवटी

प्रश्न तिहेरी आहे. लढाई चालू असलेल्या भागात मदतसंस्था नेमकं काय करतात, ती मदत शेवटी बंदूकवाल्यांच्याच घशात जाते हे खरं का, आणि आपल्या मंडळाने मणिपूरच्या छावण्यांसाठी जमवलेले कपडे नि धान्य पाठवावं का. तिसऱ्याचं उत्तर शेवटी देतो, कारण पहिली दोन उलगडल्याशिवाय ते पटणार नाही.

हा विषय समजून घ्यायचा तर गोमापासून सुरुवात करावी. जुलै १९९४. रवांडातल्या तुत्सींच्या वंशसंहारानंतर हरलेलं हुतू सरकार, त्याचं सैन्य, कत्तली करणाऱ्या इंटरहाम्वे टोळ्या आणि त्यांच्यासोबत पाच ते आठ लाख हुतू लोक काही दिवसांत सीमा ओलांडून झैरमध्ये (आजचा काँगो) गोमा शहराच्या आसपास येऊन बसले. पहिल्या महिन्यात त्यातले सुमारे ५० हजार मेले. बहुतेक मेले ते कॉलऱ्याने आणि पाठोपाठ आलेल्या रक्ती आवेने, गोळीने नाही. छावणीची तब्येत मोजायचं माप असं: दर दिवशी १०,००० माणसांमागे एक मृत्यू झाला तर आणीबाणी समजायची. गोमात हा आकडा २० ते ३५ होता.

गोमा ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. जमीन म्हणजे थिजलेला लाव्हा, कुदळ मारली तर ठिणगी उडेल. त्यामुळे शौचालयाला खड्डा नाही आणि मेलेल्याला कबरही नाही. मुगुंगा छावणीला किवू सरोवर जवळ, पण शौचासकट सगळा व्यवहार त्याच काठावर. किबुम्बा छावणीत पाणी टँकरने आणावं लागे. जगभरातून डॉक्टर धावून आले, तरी अनेक तंबूंत रोगी हातचे गेले, कारण सलाईन फार हळू चढवलं गेलं आणि ओआरएस पुरेसं पाजलं गेलं नाही. कॉलऱ्याने पार सुकलेल्या ५० किलोच्या माणसाला तीन तासांत ५ लिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं क्षारांचं पाणी) जायला हवं, त्यातलं दीड लिटर पहिल्या अर्ध्या तासात. एरवी वॉर्डात थेंब-थेंब सलाईन लावायची सवय असलेल्या हाताला ते धाडस होत नाही. चांगल्या मनाने आलेला पण हे काम कधी न केलेला माणूस तिथे किती महाग पडतो, ते गोमात दिसलं.

त्या नामुष्कीतून १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला आणि मदतीची किमान मापं ठरली. ती पाठ करण्यापेक्षा गणित करून पाहिलेलं बरं. १०,००० माणसांची छावणी धरू. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, म्हणजे दीड लाख लिटर. १० हजार लिटरच्या टँकरच्या रोज १५ खेपा. रस्त्यावर एक नाका वाढला आणि खेपा निम्म्या झाल्या, की माणशी साडेसात लिटर उरतं. पिणं नि स्वयंपाक होतो, हात धुणं थांबतं, आणि हगवण सुरू होते. एका तोटीवर २५० माणसं. तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर येत असेल तर २५० जणांचं पाणी भरायला आठ तासांहून जास्त वेळ ती सतत चालू हवी. दाब कमी असेल तर रांग रात्रीपर्यंत जाते, आणि रात्रीच्या रांगेत बायका-मुली उभ्या असतात. म्हणून ‘तोट्या किती’ यापेक्षा ‘शेवटची बादली किती वाजता भरली’ हा प्रश्न विचारावा.

क्लोरीनचंही तसंच. ७० टक्के क्लोरीनची पावडर १५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात, की साधारण १ टक्का द्रावण तयार. ते किती टाकायचं हे पुस्तकात बघून ठरत नाही, त्या दिवशीच्या पाण्यावर ठरतं. २० लिटरच्या चार बादल्या घ्यायच्या, २, ४, ६ आणि ८ मिली द्रावण घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि तपासणी गोळीने उरलेलं क्लोरीन मोजायचं. जिच्यात लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उरलं, ती मात्रा टाकीला. साथ चालू असेल तर वरच्या टोकाला राहायचं. पाणी गढूळ असेल तर हे सगळं वाया. आधी ॲल्युमिनियम सल्फेटने (आपल्या तुरटीचीच चुलत बहीण) गाळ बसवावा लागतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त टाकीपाशी तपासणं. तोटीपाशी ठीक असलेलं पाणी झोपडीतल्या उघड्या, बुळबुळीत डब्यात दोन तासांत नासतं. म्हणून पाण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे घरटी दोन स्वच्छ, अरुंद तोंडाचे, झाकणाचे कॅन. हे कॅन कुणी फोटोत दाखवत नाही. शौचालयं सुरुवातीला ५० माणसांमागे एक, मग २० मागे एक, पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर लांब. कड्या आतून लागल्या पाहिजेत. कडी नसलेलं शौचालय अंधार पडल्यावर बायका वापरत नाहीत, मग तुमचा २० चा हिशेब कागदावरच.

आता धान्य, आणि तिथूनच दुसऱ्या प्रश्नाकडे.

माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात. त्यातून निघणारा नेहमीचा शिधा साधारण असा: धान्य ४०० ग्रॅम, डाळ ६०, तेल २५, मका-सोयाचं सकस पीठ ५०, साखर १५, मीठ ५. पाच जणांच्या कुटुंबाला महिन्याचं धान्यच ६० किलो होतं, सगळं मिळून ८३ किलो. नवरा लढाईत गेलेला किंवा मेलेला अशी एकटी बाई, कडेला पोर, आणि ८३ किलो. ती हमाल करणार, हमाल धान्यातच मजुरी घेणार. अख्खा मका दिला असेल तर दळणवाला त्याचा वाटा घेणार. सरपण विकत घ्यायचं तर आणखी थोडं विकणार. बाजारात मदतीच्या धान्याची पोती दिसली की लगेच ‘चोरी झाली’ अशी बातमी होते. पुष्कळदा ती याच बाईची पोती असतात. राजमा-मका देऊन जळण न देणं हा तर शुद्ध निष्काळजीपणा. गोमाच्या छावण्यांनी शेजारच्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानातली झाडं जळणासाठी तोडली, आणि १९९४ मध्येच ते उद्यान युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेलं. दुसरीकडे सरपणाला बाहेर पडलेल्या बायकांवर अत्याचार झाले, ते सुदानमधल्या दारफुरमध्ये.

खरी चोरी मात्र तीन जागी होते. ट्रकवर होते ती सगळ्यांना दिसते, आणि ती सगळ्यात लहान. मोठी होते यादीत. गोमात छावण्या जुन्या गावांच्या नि परगण्यांच्या नावांनी बसल्या, आणि त्यांचे पुढारी तेच, ज्यातल्या अनेकांचे हात कत्तलीत रंगलेले. त्यांनी सांगितली ती लोकसंख्या, त्यांच्याच हाती वाटप. फुगवलेल्या आकड्यातून उरलेलं धान्य टोळ्यांकडे गेलं, आणि त्याहून वाईट म्हणजे कोण जेवेल हे ठरवण्याची सत्ता त्यांना मिळाली. परतायचं म्हणणाऱ्याचं नाव गळू शकत होतं. तिसरी चोरी वाटपानंतर होते: संस्थेची गाडी गेली की संध्याकाळी दारोदार ‘वर्गणी’. ही कुठल्याच अहवालात येत नाही, कारण अहवाल वाटपाच्या सहीवर संपतो.

यावर उपाय आहेत, पण कष्टाचे. पुढाऱ्याची यादी न घेता स्वतः शिरगणती, तीही एकाच दिवशी सगळ्या छावणीत, म्हणजे तीच माणसं दोनदा उभी राहत नाहीत. कार्ड कुटुंबाचं, शक्यतो बाईच्या हातात. वाटपाच्या जागी मोठा फलक, त्यावर वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी चित्रं: इतकी मापं मका, इतकी डाळ. आपल्याकडे रेशन दुकानात काटा मारतात हे सगळ्यांना माहीत असतं, तिथेही मापट्याच्या तळाशी लाकडाची चकती सापडते. म्हणून बाहेर पडणाऱ्या दर तिसाव्या-चाळिसाव्या कुटुंबाचं पोतं फलकाशेजारी पुन्हा वजन करायचं. वाटप दुपारी दोन-तीनपर्यंत संपवायचं, म्हणजे लोक उजेडात घरी पोचतात. पंधरा दिवसांनी घरोघर जाऊन विचारायचं की तुमच्याकडून कुणी काही घेतलं का. हे विचारणारा माणूस वाटप करणाऱ्यांतला नको.

बाजार चालू असेल तर धान्याऐवजी रोख देणं बहुतेक वेळा सरस: दळण, जळण, हमाली सगळं त्यात भागतं. पण शहराला वेढा पडला असेल नि दुकानात मालच नसेल, तर रोख दिल्याने फक्त भाव चढतात. आधी चार-पाच वस्तूंचे भाव दोन आठवडे टिपावेत, मग ठरवावं.

इतकं करूनही टोळ्याच छावणी चालवत असतील तर? गोमात हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. मेद्सां सां फ्रोंतिएर या डॉक्टरांच्या संघटनेची फ्रेंच शाखा नोव्हेंबर १९९४ मध्ये निघून गेली, खुनी लोकांना पोसण्यात आम्ही भागीदार होणार नाही म्हणून. इतर थांबले, कारण छावणीत बहुसंख्य बायका-मुलं होती. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाने झैरच्याच सुमारे १,५०० सैनिकांना पैसे देऊन छावण्यांची सुरक्षा उभारली. शस्त्रधारी आणि सामान्य माणसं वेगळी करणं हे काम सरकारांचं होतं, त्यांनी सैन्य पाठवलं नाही, आणि १९९६ च्या अखेरीस हल्ल्यात छावण्या उधळल्या. माझ्या मते निघून जाणारेही बरोबर होते आणि थांबणारेही. चुकले ते ज्यांनी पोलिसाचं काम दवाखान्यावर ढकललं. मदत टोळ्यांकडे जाते का, याचं उत्तर असं: थोडी जातेच. किती जाते हे यादी कुणाची यावर अवलंबून.

प्रवेश मिळवणं हा या कामाचा न दिसणारा निम्मा भाग. १९४९ च्या जिनिव्हा करारांतलं समान कलम ३ निःपक्षपाती संस्थेला दोन्ही बाजूंपुढे ‘आम्ही येऊ का’ असं विचारण्याचा अधिकार देतं. होकार मिळवणं मात्र हाताने करायचं काम. गाड्यांचे नंबर, चालकांची नावं, मार्ग, वेळ हे सगळं दोन्हीकडे कळवायचं, आणि वरच्या कमांडरचा होकार खालच्या नाक्यावरच्या पोरापर्यंत पोचलाय का हे पाहायचं. ताफे बहुतेक तिथेच अडतात. गाडीत हत्यार नाही, गणवेशातल्या माणसाला लिफ्ट नाही. एकदा दिली की पुढच्या प्रत्येक गाडीवर संशय. आणि कळवणं म्हणजे चिलखत नव्हे: अफगाणिस्तानात कुंदुझच्या रुग्णालयाचं नेमकं ठिकाण सगळ्या बाजूंना दिलेलं होतं, तरी ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकी विमानाने त्यावर मारा केला आणि ४२ माणसं गेली.

तटस्थपणाबद्दल एक गफलत नेहमी होते. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते तटस्थ म्हणून नव्हे. जपानविरुद्ध लढणाऱ्यांच्या बाजूने उभे राहायला काँग्रेसने ते पथक पाठवलं होतं. ते थोरच काम, पण जात वेगळी. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती कैद्याला एकांतात भेटते, पाहिलेलं सरकारलाच सांगते, बाहेर सहसा बोलत नाही. म्हणून तिला पुन्हा आत सोडतात. वर उल्लेखलेली डॉक्टरांची संघटना बोलते, आणि त्याची किंमत म्हणून कधी हाकलली जाते. दोन्ही लागतात. एकाच संस्थेने दोन्ही करायला जाऊ नये.

हरवलेल्या मुलांबाबत थोडक्यात: मूल सापडलं ती नेमकी जागा, अंगावरचे कपडे (फेकायचे नाहीत), ते आईला काय म्हणून हाक मारतं, सगळं पहिल्याच दिवशी लिहायचं आणि फोटो काढायचा. ताबडतोब दूरच्या अनाथाश्रमात हलवलेलं मूल आई-बापांना सापडत नाही.

आता मणिपूर. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांत हिंसाचार उसळला, त्यानंतर तिथे सुमारे ६० हजार माणसं घराबाहेर पडली. मैतेई खोऱ्यात, कुकी-झो डोंगरात, मध्ये सुरक्षा दलांचा पट्टा. इम्फाळला उतरवलेला माल आपसूक डोंगरातल्या चुराचांदपूरला जाईल असं समजू नका. डोंगरातल्या बाजूची ये-जा बरीचशी मिझोराममधल्या ऐजॉलवरून होते. म्हणजे दोन बाजूंना दोन वाटा, दोन ठिकाणी ओळखीची माणसं. एकाच बाजूला पाठवणार असाल तर तसं उघड सांगा, ‘मणिपूरला मदत’ असा फलक लावू नका.

जुने कपडे पाठवू नका. इम्फाळ खोऱ्यातल्या बायका फनेक (कमरेला गुंडाळायचं वस्त्र) नेसतात, पोत्यातून आलेल्या साड्यांचं त्या काय करणार? शिवाय निवडणं-धुणं-वाटणं यात तिथल्याच चार स्वयंसेवकांचा आठवडा जातो. दूध पावडर तर अजिबात नको: खराब पाणी आणि बाटली मिळून तान्ह्याला हगवण लागते, आणि आईचं दूध आटतं ते वेगळंच. औषधं पाठवायचीच तर तिकडून यादी मागवून, पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असलेली. जमलेलं धान्य इथेच विका किंवा जवळच्या आश्रमशाळेला द्या आणि पैसे पाठवा. पुण्याहून एक ट्रक तांदूळ नेण्याच्या भाड्यात तिकडे बराच तांदूळ येतो.

पैसे पाठवण्याआधी त्या संस्थेला चार गोष्टी विचारा. यादी कुणी केली? दोन्ही समाजांतले कर्मचारी आहेत का, नसतील तर दुसऱ्या बाजूला कोण काम करतं? मागच्या वाटपानंतर घरोघर विचारपूस केली का आणि काय तक्रारी आल्या? पैसा छावणीच्या रोजच्या जेवणाला जाणार की शाळेची फी, हातमाग, शिलाई यंत्र अशा गोष्टींना? छावणीत वर्ष-दीड वर्ष काढलेल्या कुटुंबाला दुसरं जास्त लागतं. ‘तक्रार एकही नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरी संस्था शोधा.