'स्वमग्न'मधला 'मग्न' ठेवा, 'स्व' जाऊ द्या

अमळनेरच्या एका शिक्षिका मॅडमनी विचारलंय की विद्यार्थ्याच्या रिपोर्टात ऑटिझमसाठी आत्मकेंद्री लिहावं, आत्ममग्न लिहावं की स्वमग्न, आणि अशा पोराबद्दल 'लक्ष देत नाही' हे वाक्य चालेल का.

आत्मकेंद्री अजिबात नको. त्याचा सरळ अर्थ आपमतलबी, हा स्वभावाचा दोष झाला, आणि तो कुणाला चिकटवायचा, तर मिक्सर लागला की कान दाबून बसावं लागतं अशा पोराला! हल्ली तर कुणी मोबाइलमधून डोकं वर काढत नसेल तर 'पार ऑटिस्टिक झालाय' असं कट्ट्यावर हसत म्हणतात, ते ऐकलं की माझी सटकतेच. आत्ममग्न कवीला लावा, त्याला आवडेल. राहिला स्वमग्न, सरकारी कागदावर तोच रुळलाय, लिहायला हरकत नाही.

पण त्यातला मग्न कुठून आला माहितीये का? संस्कृत धातू, म्हणजे क्रियापदाचं मूळ, आहे मस्ज्, म्हणजे बुडणं, बुडी मारणं. धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय 'शुद्धौ', म्हणजे शुद्ध होणं, कारण आंघोळ म्हणजे नदीत बुडी, मज्जन म्हणजे स्नान ते यातूनच. आणि संस्कृतात मद्गु नावाचा एक पक्षी आहे तोही याच धातूचा, मद्गु म्हणजे आपला पाणकावळा! हतनूर धरणाच्या पाण्यावर बघा कधी, काळा, लांब मानेचा, बसल्या जागी सुळकन बुडी मारतो आणि भलतीकडेच वर निघतो, चोचीत मासा. तो खाली असताना काठावरून कितीही हाका मारा. पण म्हणून त्याचं लक्ष नव्हतं असं म्हणाल का, लक्ष होतं म्हणून तर मासा मिळाला.

इथे कुणीतरी हमखास म्हणणार की मज्जासंस्थेतली मज्जासुद्धा यातलीच, 'हाडात बुडालेली ती मज्जा'. जुन्या पंडितांनी तसं लिहिलंय खरं, आणि आजचे हौशी लोक तेच पुढे ढकलतात, पण मला ते साफ नामंजूर आहे. मज्जेचे सख्खे भाऊबंद बघा ना, अवेस्ता या जुन्या इराणी भाषेत मज्ग, फारसीत मग्ज, रशियनमध्ये मोज्ग म्हणजे चक्क मेंदू, यात बुडण्याचा संबंध येतोच कुठे? तोच फारसी मग्ज आपल्याकडे मगज होऊन आला, डोक्यातला मगज तो आणि किराणा दुकानातली मगजबीही तीच. आणि 'मज्जा आली'मधली मज्जा तिसरीच, ती फारसी मजा, मूळ अर्थ चव.

चवीवरून मूळ मुद्द्यावर येतो. माझं भांडण त्या 'स्व'शी आहे. 1911च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक ऑटोस म्हणजे स्वतः यावरून ऑटिझम हा शब्द केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी, या मुलांशी त्याचा काही संबंध नव्हता. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने 11 मुलांचं वर्णन करताना तोच उचलला. आपण त्या चुकीच्या शब्दाचं इमानदारीत भाषांतर केलं! गंमत म्हणजे कॅनरच्याच लेखात ही मुलं व्हॅक्यूम क्लीनरला, लिफ्टला, वाहत्या पाण्याला घाबरतात असं नोंदवलंय, म्हणजे बाहेरचं जग त्यांच्या अंगावर येत होतं, आणि नाव काय दिलं तर स्वतःत गुंतलेली. संवेदना कमीजास्त जाणवणं हे अमेरिकी निदान-नियमावलीत अधिकृत लक्षण म्हणून आलं ते थेट 2013 मध्ये, 70 वर्षांनी.

आता ह्यात 'स्व' कुठेय सांगा. आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या विसर्जनाला बँडवाल्याने ताशावर टिपरू मारलं की एखादं पोरगं कानावर हात ठेवून आजीच्या लुगड्यात तोंड खुपसतं, बाकीच्यांना जो आवाज उत्साहाचा तो त्याला अंगावर मारल्यासारखा लागतो. भरताचा तो धाग्याधाग्याचा स्पर्श जिभेला नको म्हणून ताट सरकवतं, आणि आपण म्हणतो लाडावलंय. काहींचं उलट असतं, लागलं तरी कळत नाही, गोल गोल फिरावंसं वाटतं, आणि एकाच पोरात दोन्ही असू शकतं.

मग लक्षाचं काय? 2005 मध्ये डायना मरे या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ऑटिझममध्ये लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर पण खोल जातं, त्याला ते मोनोट्रोपिझम म्हणतात. मी त्याला एकावधानी म्हणतो, अष्टावधानीच्या उलट, शब्द माझा आहे, खुशाल वापरा. वर्गात आपण प्रत्येक पोराकडून अष्टावधान मागतो, फळा बघ, माझ्याकडे बघ, ऐक, लिही, आणि वरून ट्यूबलाइटची गुणगुण. 2002 मध्ये अमी क्लिन या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी नजरेचा माग काढणारं यंत्र लावून बघितलं, तर ऑटिझम असलेले तरुण माणसांचा प्रसंग पडद्यावर बघताना डोळ्यांकडे कमी आणि तोंडाकडे, वस्तूंकडे जास्त बघत होते. यावरून 'यांना माणसांत रसच नसतो' असं ठोकणारे तज्ज्ञ आहेत, त्यांनी जरा दमानं घ्यावं, नजर कुठे टेकली हे यंत्र सांगतं, मनात काय चाललंय ते नाही. डोळ्यात डोळे घालून ऐकायला सांगितलं तर ऐकणंच राहून जातं असं कितीतरी ऑटिस्टिक माणसं स्वतः सांगतात.

आपल्याकडे घरीदारी अहिराणीत 'त्यानं ध्यानच नही', त्याचं लक्षच नाही, असं म्हणतात, म्हणू देत, पण रिपोर्टात मॅडम तुम्ही ते लिहू नका. त्याऐवजी जे दिसतं ते लिहा: बोलताना डोळ्यांकडे बघत नाही, विचारलेलं सांगतो, घंटा वाजली की कान झाकतो, पंख्याच्या पात्यांत रमतो. आणि वर शब्द हवाच असेल तर ऑटिझम लिहा, पालकांना तोच कळतो.